पाल पडत का नाही?

मोठ्या माणसांना पालीबद्दल एकच प्रश्न पडतो: हिला घालवायची कशी? उपायही ठरलेले. ट्यूबलाइटमागे अंड्याचं टरफल ठेवा, मोरपीस लावा. टरफलाला टेकून निवांत बसलेली पाल मी पाहिली आहे, पण त्यानं सल्ले देणाऱ्यांचा उत्साह काही कमी होत नाही.

मे महिन्यात भाचरं राहायला आली की पालीचं खरं चीज होतं. "आत्या, ती छतावरून पडत का नाही?" पायाला गोंद असतो, असं सांगून सुटका होत नाही. "मग ती तिथंच चिकटून का नाही बसत?" धाकटीचा मुद्दा बिनतोड असतो.

गोंद नसतोच. पालीचा तळवा कोरडा असतो. बोटांखाली आडव्या पट्ट्या आणि त्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पायाला असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूरेणूंमधली एरवी नगण्य असणारी ओढ पालीचं वजन पेलते. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 ते 2002 या काळात हे प्रयोगांनी दाखवलं. तोवर मोठमोठ्या लोकांत वादच चालू होते. पाऊल उचलताना पाल बोटं टोकाकडून वर वळवते, चिकटपट्टी सोलावी तशी, आणि पकड सुटते.

"म्हणजे ती कशावरूनच घसरत नाही?" कोरड्या टेफ्लॉनवरून घसरते, असं मी बोलून गेले. पुढच्या मिनिटाला आईचा डोशाचा तवा भिंतीपाशी उभा होता. तो सोडवून आणण्यात माझी सगळी विज्ञाननिष्ठा खर्ची पडली.

"झोपेत पडत नाही?" नाही. इतकंच काय, मेलेल्या पालीचा पायसुद्धा तितकाच घट्ट धरतो, असं प्रयोगांत आढळलं आहे. यावर दोघंही बराच वेळ गप्प होती. मोठा मग छताकडे बघत म्हणाला, "ही जिवंत आहे ना?"

जिवंत आहे की नाही हे डोळ्यांवरून कळत नाही, कारण घरातल्या पालीला पापण्याच नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते ती जिभेनं चाटून साफ करते. हे ऐकून धाकटीनं जीभ नाकापर्यंत नेऊन पाहिली. शीचा प्रश्न अर्थातच सर्वांत लाडका. काळ्या लेंडीला पांढरं टोक का? ते पांढरं म्हणजे पालीची शू, घट्ट झालेली. पाणी वाया घालवणं तिला परवडत नाही. विषारी आहे का? नाही. पण तिच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू असू शकतात, म्हणून ती पडलेलं दूध ओतूनच द्यायचं.

एवढ्यात आई पंचांग घेऊन आली. त्यात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, उजवीकडे, डावीकडे, पुरुषांना वेगळं, बायकांना वेगळं. माझं लहानपण या कोष्टकावर गेलं. पाल मुळात पडत का नाही, हे तेव्हा कुणी विचारल्याचं आठवत नाही; सगळी चिंता ती पडल्यानंतरची. मुलांनी मात्र कोष्टक क्रिकेटच्या वेळापत्रकासारखं मन लावून वाचलं.

मग गाडी शेपटीवर आली. शेपटी तुटते ती सांध्यात नाही, मणक्याच्या मधोमध. तिथं आधीच फट ठेवलेली असते. तुटलेला तुकडा आपल्यापुरत्या मज्जातंतूंवर वळवळत राहतो, शत्रू त्याच्याकडे बघत बसतो आणि पाल पसार होते. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी. आणि जुनी अर्धवटच तुटली असेल तर कधीकधी नवी शेजारीच फुटते, म्हणजे पाल दोन शेपट्यांची होते.

धाकटी उठून आईकडे गेली. "आजी, दोन शेपट्यांची पाल पडली, एक शेपटी उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या, तर?"

आईनं चष्मा पुसला आणि कोष्टक पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.