व्हॅनचा ड्रायव्हर ठरवण्याआधी

आमच्या खानापूरची पोरं व्हॅननं बेळगावला शाळेला जातात, म्हणून नवा ड्रायव्हर आला की मी पालकांच्या मागे लागते: आधी ई-कोर्ट्‌सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस शोधायच्या सरकारी वेबसाइटवर, त्याचं नाव बघा. फुकट आहे. कर्नाटक, बेळगाव जिल्हा, मग कोर्ट निवडायचं (खानापूरचं वेगळं, तेही बघा), पक्षकाराचं नाव आणि वर्ष घालायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 दिसलं तर दारू पिऊन किंवा नशेत गाडी चालवल्याची केस. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा; पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पाटील, नाईक इकडे गावोगाव. वडिलांचं नाव, गाव जुळल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नका. आणि निकाल वाचा, निर्दोष सुटलेल्या माणसाची भाकरी कशाला तोडायची?