अर्ध्या पानाचा धडा

आमच्या वेळच्या नववीच्या पुस्तकात चेतासंस्थेचा धडा होता. त्यात मेंदूला ऐसपैस जागा होती, मेरुरज्जूला बऱ्यापैकी, आणि परिघीय चेतासंस्थेला जेमतेम अर्धं पान. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या, म्हणजे नसांच्या, १२ जोड्या, मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, त्या शरीरभर पसरतात, की झाला विषय. मी आज मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुटलेल्या, दबलेल्या नसांचे रुग्ण हेच माझं रोजचं काम आहे. म्हणजे माझ्या उमेदीची सगळी वर्षं त्या अर्ध्या पानावर खर्च झाली. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिही असा निरोप आला, तेव्हा आपण याच पानाबद्दल लिहायचं हे मी लगेच ठरवलं. कारण ते पान आमच्या विज्ञानाच्या बाईंनी जसं शिकवलं, तसं मला पुढे कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

बाई त्या अर्ध्या पानावर जवळजवळ आठवडा थांबल्या. पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. कोपर बाकाच्या कडेला टेकवून आतल्या बाजूचं हाड चाचपायला सांगितलं. हाडामागच्या खाचेत बोट फिरवलं की काहीतरी दोरीसारखं सरकतं, आणि जरा दाबलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते. "आता नीट बघा, झिणझिण्या कुठल्या बोटात आल्या?" करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग. सगळ्या वर्गाचं उत्तर एकच आलं. मग बाई म्हणाल्या, "दाबलंत कोपरात, कळलं करंगळीत. म्हणजे करंगळीची बातमी कुठल्या वाटेनं जाते ते सापडलं ना?" अल्नर चेता आम्ही अशी शिकलो. नाव नंतर आलं, वाट आधी सापडली.

दुसरा प्रयोग मैदानावर झाला. मुलांची एक रांग, मुलींची एक. सगळ्यांनी खाली बसायचं, डोळे मिटायचे. पहिल्यांदा प्रत्येकीने पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा. मागून दाब आला की लगेच आपण पुढे दाबायचं. दुसऱ्या फेरीत हात खांद्याऐवजी पुढचीच्या घोट्यावर. खेळाच्या सरांचं स्टॉपवॉच बाईंनी उसनं आणलं होतं. घोट्याच्या फेरीला दर वेळी थोडा जास्त वेळ लागायचा. का? घोट्यावरची बातमी मेंदूपर्यंत यायला खांद्यापेक्षा साधारण मीटरभर जास्त चालावं लागतं म्हणून. विचार करायला, हात दाबायला लागणारा वेळ दोन्ही फेऱ्यांत सारखाच, त्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो आणि उरतो तो फक्त त्या जादा मीटरचा वेळ. पुन्हा पुन्हा फेऱ्या घेऊन, सरासरी काढून, मुलींच्या संख्येने भागून आम्ही वहीत गणित केलं आणि सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेग आला. स्पर्शाच्या जाड तंतूंचा वेग सेकंदाला ३० ते ७० मीटर असतो हे मी पुढे कॉलेजात वाचलं, तेव्हा मला त्या मैदानावरची धूळ आठवली.

बाईंनी त्या दिवशी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झची गोष्ट सांगितली होती. चेतेतल्या संदेशाचा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, असं त्यांचे गुरू योहानेस म्युलर मानत. शिष्याने १८५० साली बेडकाच्या पायाची चेता घेतली, तिला आधी स्नायूजवळ आणि मग स्नायूपासून लांब विजेचा झटका दिला, आकुंचनाला लागलेल्या वेळांची वजाबाकी केली आणि सेकंदाला सुमारे ३० मीटर हे उत्तर काढलं. आमच्या मैदानावरची वजाबाकी मुळात त्यांची. सांगलीच्या मराठी शाळेतल्या पोरांना तीच रीत हातात धरून चालता येते, हे बाईंनी आम्हाला दाखवलं, याचं मोल मला आजही फार वाटतं.

पुस्तकाने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, आणि मला सर्वांत नवल तिचंच वाटतं. पेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखालचा ठिपका येतो. पण पायाच्या अंगठ्याला हलवणाऱ्या स्नायूपर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा लांब धागा, एकाच पेशीचा असतो. तिचा देह कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूत आणि तंतू थेट पायापर्यंत. मोठ्या माणसात त्याची लांबी मीटरच्या घरात जाते. त्याला लागणारी प्रथिनं मुख्यतः वर, पेशीच्या देहात तयार होऊन तंतूतून खाली पोचवली जातात. असे हजारो तंतू, काही आत बातमी आणणारे, काही बाहेर हुकूम नेणारे, एकाच आवरणात बांधलेले, म्हणजे एक चेता. त्यातले जाड तंतू मायेलिन नावाच्या स्निग्ध वेष्टणाने वेढलेले आणि वेगवान. वेदनेचे सर्वांत बारीक तंतू विनामायेलिन, सेकंदाला जेमतेम मीटरभर चालणारे. उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला की आधी एक टोचरी कळ येते आणि क्षणभराने ती जळजळीत ठणकती वेदना चढते. ती दुसरी वेदना या सावकाश तंतूंतून आलेली असते.

आता चेता तुटली तर काय होतं? ऑगस्टस वॉलर यांनी हेही १८५० मध्येच बेडकाच्या जिभेच्या चेता कापून पाहिलं. कापाच्या पलीकडचा, पेशीच्या देहापासून तुटलेला भाग पूर्ण विरघळून जातो. मात्र त्या तंतूला वेढणाऱ्या श्वान (Schwann) नावाच्या पेशी जगतात. मेलेल्या तंतूचा कचरा त्या भक्षक पेशींच्या मदतीने साफ करतात आणि रिकाम्या नळीत रांग धरून थांबतात. जतकडचा ओढा उन्हाळ्यात आटतो तरी त्याचं पात्र जागेवर राहतं आणि पुढचं पाणी त्याच वाटेने येतं, तसंच हे. वरच्या बाजूने नवा तंतू फुटतो आणि त्या नळीतून रोज सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर, खाली सरकतो. मेंदू आणि मेरुरज्जूत ही सोय नाही. तिथल्या मायेलिनमधली काही प्रथिनं आणि जखमेचा व्रण नव्या तंतूला अडवतात. ज्या संस्थेला पुस्तकाने अर्धं पान दिलं, तिच्यातच पुन्हा उगवण्याची ताकद आहे. मला सगळ्या शाळेला ओरडून सांगावंसं वाटतं ते एवढंच.

एक उदाहरण सांगते. मिरजेचे एक तंबोऱ्याचे कारागीर. काम करताना पटाशी निसटली आणि डाव्या मनगटात घुसली. मीडियन चेता तुटली. सर्जननी सूक्ष्मदर्शकाखाली ती जोडली, आणि प्लास्टर निघाल्यावर ते माझ्याकडे आले. अंगठा, तर्जनी, मध्यमा बधिर. अंगठा इतर बोटांसमोर येईना. "मॅडम, टाके तर वाळले, मग बोटांना कळंना का झालंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी पट्टी घेऊन मनगटातल्या व्रणापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचं अंतर त्यांच्यासमोरच मोजलं. अठरा सेंटीमीटर. रोज एक मिलिमीटर धरला तर सहा महिने, आणि तंतूला जोडातून पार व्हायला लागणारे सुरुवातीचे काही आठवडे वेगळे. मापात आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब लगेच पटला.

दर भेटीत मी व्रणापासून खाली हळूहळू बोटाने ठोकत जायची. जिथे ठोकलं की बोटांत मुंग्या येतात, तिथवर तंतूंची टोकं पोचलेली असतात. १९१५ मध्ये फ्रान्सचे ज्यूल टिनेल यांनी वर्णन केलेली ही खूण. त्या जागी पेनाने रेघ मारून मी अंतर वहीत टिपून ठेवायची. आधी व्रणावर, मग तळहाताच्या सुरुवातीला, मग तळहाताच्या मध्यावर. रेघ पुढे सरकलेली बघायला ते स्वतःच उत्सुक असत. तोपर्यंत बोटांना राखायचं काम होतं. गरम कप त्या हाताने धरायचा नाही, पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यायचा. बधिर बोट भाजतं तेव्हा ओरडत नाही.

संवेदना परततात त्यांनाही क्रम असतो. आधी टोचणं कळतं, मग सेकंदाला ३० कंपनांच्या नादकाट्याची (ट्यूनिंग फोर्कची) संथ थरथर, मग कातडीवरून फिरणारा स्पर्श, मग एका जागी टेकलेला स्पर्श, आणि सर्वांत शेवटी २५६ कंपनांची बारीक थरथर. ज्या दिवशी त्यांना तर्जनीच्या टोकावर २५६चा काटा कळला, त्या दिवशी त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, कानाशी नेला, पुन्हा बोटावर टेकवला. जवारी काढताना, म्हणजे तंबोऱ्याची घोडी घासून तारेचा नाद जुळवताना, तारेची थरथर बोटाखाली ओळखणारा हा माणूस. इथून पुढे डोळे मिटून ओळखायचा सराव सुरू झाला: ज्वारी की तांदूळ, हळकुंड की बेदाणा, किल्ली की नाणं. हा सराव लागतोच, कारण नवे तंतू सगळेच जुन्या जागी पोचत नाहीत. मधल्या बोटाचा तंतू तर्जनीत जाऊन बसतो आणि मेंदूला नकाशा नव्याने शिकावा लागतो. त्यांची पूर्वीची शंभर टक्के संवेदना आली नाही, मोठ्या माणसात ती सहसा येत नाही. पण ते परत कामाला बसले.

लहान मुलांमध्ये हे फार चांगलं भरून येतं. फक्त "इथं कळतंय का?" असं तीन वर्षांच्या पोराला विचारून उपयोग नसतो. मग आम्ही हात अर्धा तास कोमट पाण्यात ठेवतो. चांगल्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, चेता तुटलेलं बोट गुळगुळीत राहतं. त्या सुरकुत्या अनुकंपी तंतूंच्या कामामुळे पडतात. आपोआप चालणारी कामं सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्था म्हणून पुस्तकात जी वेगळ्या चौकटीत दाखवतात, तिचे हे तंतू त्याच चेतेतून, स्पर्शाच्या तंतूंना खेटून बोटापर्यंत आलेले असतात.

सगळीकडे यश येतं असं नाही. मोटारसायकलवरून पडून मानेपासून खांद्याकडे येणाऱ्या चेतांची मुळं ताणून तुटली की हात लुळा पडतो. मानेपासून पंजापर्यंतचं अंतर रोजच्या मिलिमीटरने कापायला दोन वर्षं लागतात, आणि स्नायू फार तर दीड वर्ष वाट पाहतो; त्यानंतर चेता पोचली तरी तो दाद देत नाही. म्हणून सर्जन जवळची चालू चेता उसनी घेतात. ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये अल्नर चेतेतले काही तंतू दंडाच्या स्नायूच्या चेतेला जोडण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तिने अनेकांचं कोपर पुन्हा वाकू लागलं. या रुग्णांनी पहिल्या काही महिन्यांत यायला हवं. "बघू, येईल हळूहळू" म्हणत घरी काढलेलं वर्ष परत मिळत नाही. शाळेतल्या पोरांनी हेल्मेट आणि वेगाचं भान ठेवावं, एवढं बोलून मी पुढे जाते.

माझ्या बॅचच्या सगळ्यांसाठी आता जवळचा विषय म्हणजे साखर. मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी कोमेजतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो. चपलेत खडा असतो, दिवसभर रुततो, आणि संध्याकाळी पायपुसण्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. साखर असेल त्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत. वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवावा.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी १२८ कंपनांचे नादकाटे पाठवले आहेत. पायाची तपासणी आम्ही याच काट्याने करतो. नववीच्या मुलांनी ते आलटून पालटून घरी न्यावेत. काटा तळहातावर आपटून त्याचा दांडा आजी-आजोबांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि थरथर कळते का, कधी थांबली, ते विचारायचं. मग तोच काटा स्वतःच्या अंगठ्यावर. वय झाल्यावर थरथर थोडी कमी कळतेच, पण अजिबात कळली नाही, तर त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे पाय दाखवायला न्यायचं. कुणाला काही अडलं तर मी शनिवारी सकाळच्या शाळेला येऊ शकते, तसं मुख्याध्यापकांना कळवलं आहे.