स्टिका, जर्सी आणि आमचे पीटीचे सर

(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६, सध्या बाल्टिमोर, अमेरिका)

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा निरोप ग्रुपवर आला, तोवर बाकीच्यांनी बाई, बाक, स्नेहसंमेलन आणि मधली सुट्टी वाटून घेतली होती. माझ्यासाठी उरली पीटीची खोली. तक्रार नाही. माझा मुक्काम वर्गापेक्षा तिथेच जास्त असायचा, गुणपत्रिका साक्षीला आहेत.

शाळा खडकीत, त्यामुळे हॉकी कुणी मुद्दाम शिकवायची गरज नव्हती. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचे. मोडक्या स्टिका बांधून ते खेळायला शिकले, ही गोष्ट आम्हाला घरोघरी ऐकवली जायची, बहुधा आम्ही नवीन स्टिक मागू नये म्हणून! तरी दोन-तीन वर्षांनी शाळेत जालंधरहून स्टिकांचं पोतं यायचंच. हजेरीच्या क्रमाने स्टिका वाटून टाकणं सोपं होतं, पण सरांनी तसं कधी केलं नाही. पोतं उघडून सगळ्या स्टिका व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवायचे. मग एकेकीला ताठ उभं करून स्टिक पायाजवळ उभी धरायची, वरचं टोक कमरेच्या हाडाशी येतंय का बघायचं. तुतीच्या लाकडाच्या रेषा जवळजवळ आहेत का, खालच्या वळणाबरोबर वळतात की मध्येच तुटतात, हेही ते आम्हालाच बघायला लावत. शेवटी स्टिक एकट्या डाव्या हातात धरून फिरवायची. “डोळे मिट आणि सांग, वजन कुठे लागतंय? मुठीत की खाली?” मला हे सगळं नाटक वाटायचं. पण खाली जड असलेली स्टिक घेतलेल्या मुलीचं मनगट उत्तरार्धात कसं बोलायला लागतं, ते पुढे मैदानावर दिसलंच. निवडलेल्या स्टिकेला घरून आणलेलं जवसाचं तेल चोळायचं, मग ती आपली.

ड्रेसची कथा वेगळी. मरून टी-शर्ट ठरले, आणि पाठीवरचे आकडे गल्लीतल्या शिंप्याने पांढऱ्या कापडाचे कापून शिवले. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि आम्ही गुलाबी आकड्यांनी आंतरशालेय स्पर्धा खेळलो. स्कर्ट, सलवार की हाफपँट यावर पालकसभेत बराच खल झाला. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “धावणार त्या आहेत, त्यांना विचारू.” आम्ही डिव्हायडेड स्कर्ट, म्हणजे दिसायला स्कर्ट पण पाय वेगळे शिवलेला, सांगितला. तो शाळेत पुढे किती वर्षं चालला, ते आमच्यानंतरच्या बॅचच्या मुलींनी सांगावं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी लेक इथे हायस्कूलच्या संघातून लॅक्रॉस खेळते आणि पालकांच्या ज्या गटाने सामान आणि जर्सी ठरवायच्या, त्यात मी आहे. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने भरीव रबरी चेंडू झेलत, पळवत गोल करायचा. हा खेळ मूळचा इथल्या आदिवासींचा, विशेषतः हौडेनोसौनी लोकांचा. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून ते स्टिक करत, अजूनही काहीजण करतात. त्यांच्या परंपरेत त्या लाकडी स्टिकेला बायका हात लावत नाहीत. मुलींचा लॅक्रॉस वाढला तो शाळांमधून. स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनार्ड्स शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी हा खेळ कॅनडात पाहिला आणि १८९० मध्ये तो शाळेच्या मैदानावर खेळला गेला. तिथे शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रुजवला. आता तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. त्या बातमीत सगळ्यांनी क्रिकेट तेवढं वाचलं!

बाल्टिमोरच्याच एसटीएक्स कंपनीने १९७० मध्ये प्लॅस्टिकचं हेड, म्हणजे जाळी बसवायची टोकाची चौकट, बाजारात आणलं आणि लाकूड मागे पडलं. आज दुकानात गेलं की भिंतभर हेड, भिंतभर शाफ्ट, म्हणजे दांडे. आमच्या गटातल्या एका बाबांचा आग्रह होता की सगळ्यांना एकच महाग मॉडेल घ्यावं, घाऊक सूट मिळते. मी तिथे सर झाले. मुलींच्या स्टिकची लांबी साडेपस्तीस ते सव्वात्रेचाळीस इंच चालते, म्हणजे ठेंगणीला आणि उंचाडीला एकच माप कशाला? शाफ्ट हॅकसॉने कापून बेतता येतो, फक्त नियमाच्या खाली जायचं नाही. मार्चच्या थंडीत अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट हाताला चटका देतो, तिथे कंपोझिट, म्हणजे कार्बनसारख्या धाग्यांचा, बरा. पण नवशिकीला त्यासाठी खर्च करायला लावू नये, हातमोजे स्वस्त पडतात. खरी परीक्षा पॉकेटची, म्हणजे जाळीच्या खोलगट भागाची. मुलींच्या खेळात चेंडू जाळीत ठेवला की त्याचा वरचा भाग हेडच्या कडेवर दिसावाच लागतो, पंच तपासतात. खोल पॉकेटमध्ये चेंडू छान बसतो, पण तशी स्टिक बाद ठरते. नवीन जाळी घट्ट असते, चेंडू मारून मारून सैल करावी लागते. दुकानदाराला विनंती करून मुलींना अर्धा तास भिंतीवर चेंडू मारू दिला. बाबांचं महाग मॉडेल फक्त दोघींनी उचललं.

जर्सीचे आकडे इथे धाग्यातच छापतात, त्यामुळे माझा मरून इतिहास कुणाला कळला नाही. मी नावं छापायला मात्र विरोध केला. नाव नसलेली जर्सी पुढच्या वर्षी दुसरीला घालता येते. किल्ट, म्हणजे तो आखूड स्कर्ट, की शॉर्ट्स, हा वाद इथेही झालाच! मुलींना विचारलं. त्यांनी शॉर्ट्स सांगितल्या.

आता मुद्द्यावर येते. महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी संघ शाळेला हॉकीचा पूर्ण संच देणार आहे आणि तीस सारख्या स्टिकांचं कोटेशन ग्रुपवर फिरतंय. कृपा करून ते थांबवा. पहिल्यांदा गोलकीपरचे पॅड आणि हेल्मेट घ्या, त्याशिवाय सराव सुरूच करू नका. मुरुमाच्या मैदानावर कंपोझिट स्टिक लवकर खरवडते, लहान गटाला लाकडीच द्या. मापं वेगवेगळी मागवा, गरजेपेक्षा पाच-सहा जास्त, आणि न आवडलेल्या परत घेणार का ते दुकानदाराला आधीच विचारा. वाटपाच्या दिवशी व्यासपीठ, हार, फोटो नंतर. आधी मुलींना व्हरांड्यात हव्या तेवढ्या स्टिका फिरवून बघू द्या. टी-शर्टवर देणगीदारांची नावं नकोत, माझंही नको. जादा स्टिकांचे पैसे मी पाठवते, खजिनदारांनी खातं क्रमांक कळवावा.