मामा, हळद आणि लाल फुल्या

सांगलीत विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्या दिवशी ऐन दुपारी मामीचा फोन आला. "मामांनी कुणाला तरी पैसे पाठवलेत, आन् आता ताटावर बसंनात." कॉम्प्युटर चालूच होता. "राउटरचं बटण बंद कर आणि त्यांना कुणाचाही फोन घेऊ देऊ नकोस," एवढं सांगून गाडी काढली.

मामांनी चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत केली. हळकुंड मोडताना होणाऱ्या आवाजावरून माल ओळखणारा माणूस! कधीतरी कुंडलीच्या कुठल्याशा साइटवर त्यांनी 'अलाऊ' दाबून नोटिफिकेशनची परवानगी दिली होती. तिथूनच एक पान उघडलं आणि सगळा पडदा लाल, सायरन चालू, खाली फोन नंबर. ब्राउझर बंद केला असता तर तिथंच संपलं असतं. मामांनी नंबर फिरवला.

पलीकडच्याने गोड हिंदीत 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची घडामोडी टिपायची वही, उघडायला लावलं. लाल फुल्यांची ही रांग! "साब, इतने वायरस." मग दूरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप घ्यायला लावलं, त्यातला आकडा विचारून घेतला आणि तीन वर्षांच्या 'सुरक्षे'चे 14,999 रुपये यूपीआयवर.

पोचल्या पोचल्या सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावला. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ, सगळं मामांच्या फोनमधून वाचून दाखवलं. मग बँकेला सांगून नेटबँकिंग आणि कार्ड बंद. इथवर सोपं होतं.

"मामा, अजून काय दिलंत?"

"काय न्हाई."

तीनदा विचारलं, तीनदा 'काय न्हाई'. मामी चहा टाकायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मधी पाच मिनटं पडदा काळा झालता. 'काम चालू हाय, हात लावू नका' म्हणाला. आन् ती 'महत्त्वाचे' नावाची फाइल समोरच हाय की रं."

उघडली. एक्सेलमध्ये ईमेल, नेटबँकिंग, विमा, यच्चयावत पासवर्ड, खाली मामीच्या पेन्शनचंसुद्धा. पाच मिनिटांत फाइल उघडलीही असेल, नसेलही. ती त्याच्या हाती गेली असंच मी धरून चाललो. त्या मशीनला हात न लावता माझ्या मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकी सगळ्यांची किल्ली तिथंच येते. सगळीकडून लॉगआउट केलं, मेल परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना तेही पाहिलं. मग बाकीचे एकेक.

आमच्या धंद्यात पुष्कळ जण ते ॲप काढतात, अँटिव्हायरस फिरवतात आणि बिल करतात. परक्या माणसाने तासभर हाताळलेल्या मशीनवर माझा विश्वास बसत नाही. ते ॲप तर मशीन चालू होताच आपोआप सुरू होईल असं बसवलेलं होतं. हिशेबाचा डेटा आणि नातवंडांचे फोटो तेवढे डिस्कवर घेतले, दुकानात तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून सगळं फॉरमॅट मारलं. मामांना रोजच्या वापराला साधं खातं दिलं. ॲडमिनचा पासवर्ड मामीकडे.

विंडोज चढेपर्यंत मी माझ्याच लॅपटॉपवर इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्यांच्यापुढे सरकवला. मामांनी चष्मा चढवला.

"तुझ्या बी मशिनीला?"

"सगळ्यांच्याच असतात मामा. एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही की पडते एक फुली."

बराच वेळ ते खाली-वर सरकवत राहिले. "म्हंजे वहीतली खाडाखोड दावून पेढी बुडाली म्हणायचं. आन् म्या ऐकलं."

थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवल्याचं नंतर कळलं. हातात यायची आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम करत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. तोच गोड आवाज, आता 'रिफंड' द्यायला. मी कट करायला हात पुढे केला, तर मामांनी अडवला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, अधूनमधून "हां जी" म्हणत बशीतून चहा प्यायला लागले.

"बोलू दे," माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. "तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला लावायचा न्हाई."