नावाआधीच थांबलेली टेप

जुन्या टेपांवरचं गाणं नव्याने उतरवून देणं हे माझं काम. इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू वडिलांचं टेपचं जुनं स्पूल घेऊन आल्या. "लेबलवर गायक उस्ताद अमीर खाँ लिहा, भाऊ. बाबा कायम तेच सांगायचे."

रेडिओवरून घरी उतरवलेलं गाणं. इंदूरच्या मराठी घरांतून अशी स्पूलं अजून निघतात. घरगुती यंत्रं बहुधा सेकंदाला पावणेचार इंच टेप ओढायची, पण यंत्राचा पट्टा सैल झाला की वेग हलतो आणि षड्ज, म्हणजे गाण्याचा 'सा', सरकतो. म्हणून मी टेपवर उतरलेली विजेची घरघर शोधतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर ५० वर आणली की वेग जुळायला हवा. पण तेव्हा वीजच ५० च्या खाली उतरायची! षड्ज किंचित चढाच राहतो, आणि आवाज ओळखायला नेमका तेवढा फरक नडतो.

राग दरबारी, झुमरा या संथ तालात. दरबारी रात्रीचा राग, म्हणजे प्रसारण रात्रीचं. आकाशवाणी रागाची वेळ सांभाळायची. शनिवारी रात्रीचा अखिल भारतीय कार्यक्रम असेल. १९५२ पासून तो घराघरांत वाट पाहून ऐकला जायचा. साथीला पेटी आहे. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती आणि खाँसाहेब फेब्रुवारी १९७४ मध्ये गेले. गाणं त्यांचं असेल, तर जेमतेम तीन वर्षांतलं.

शेवटी निवेदिका म्हणते, "अभी आप सुन रहे थे..." आणि खट्! टेप महाग, म्हणून बटण बंद. असं कितीतरी स्पूलांत होतं, आणि दर वेळी माझा जीव तुटतो.

बढत, म्हणजे रागाचा विस्तार, खाँसाहेबांसारखीच संथ, सरगमही त्याच वळणाची. पण खाँसाहेबांची गायकी रेडिओवर ऐकून उचललेले गायक थोडे नव्हते. २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम' वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, ती फोनवर मिळते, हे मोठंच काम आहे. तरी माझी गिऱ्हाइकं 'दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून द्या' म्हणतात. दहा मिनिटांत झुमऱ्यातला ख्याल नुसता उभा राहतो, फुलत नाही. मी तुकडे करत नाही.

लेबलवर राग, ताल आणि 'पेटीची साथ' एवढंच लिहिलं.

"बाबा खोटं सांगतील का?" काकू दुखावल्या. खोटं नाहीच. त्यांनी नाव कानांनी ऐकलं असेल, किंवा गाण्यावरून ताडलं असेल. यातलं कोणतं, ते टेप सांगत नाही.

माळ्यावर आणखी स्पूलं आहेत म्हणे. सगळी आणा, म्हटलं. एखाद्या शनिवारी बटण दाबायला उशीर झाला असेल.