जामीन मंजूर झाल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस

२४ मार्च २०२५ ला माझा जामीन मंजूर झाला आणि २१ एप्रिलला मी तुरुंगाबाहेर आलो. मधले अठ्ठावीस दिवस मला आत ठेवलं ते कागदांनी.

केस बांधाची. आमच्या तापीकाठच्या गावात बांधावरून डोकी फुटणं नवं नाही. २०२४ चा पोळा झाला आणि आठवडाभरात आमच्यातही ते घडलं. चूक कुणाची ते कोर्ट ठरवेल, खटला चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे लिहीत नाही. कलम गंभीर दुखापतीचं लागलं आणि पहिला जामीनअर्ज फेटाळला गेला.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, हे आम्ही शाळेत शिकलेलो. माझ्या डोक्यातला तुरुंग तोच. बराकीत पहिल्या रात्री जागा फरशीवर मोजून मिळाली, माझ्या वाट्याला दीड फरशी. एका कुशीवर झोपायचं, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं. संडासाला पहाटे चारपासून रांग. माघ संपेपर्यंत अर्ध्या बराकीला खरूज झाली होती आणि चैत्रात आपल्या खान्देशातलं ऊन पत्र्यातून खाली उतरायला लागलं. डाळ पातळ, हे सगळेच सांगतात. मला त्रास झाला तो पैशांचा.

साबण, तेल, बिस्कीट आतल्या कॅन्टीनमधून घ्यायचं, तेही घरून आलेल्या मनीऑर्डरवर. शिक्षा लागलेल्या बंद्याला कामाची मजुरी मिळते. मी कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, मला ना काम ना मजुरी. म्हणजे कमावता माणूस आत आणि त्याच्या साबणाचे पैसे बाहेरून. बायको मुलाखतीला यायची त्या दिवशीची तिची निंदणीची मजुरी बुडायची. एस.टी.ला बायकांना अर्धं तिकीट आहे तेवढंच बरं. वीस मिनिटं बोलायला मिळायची आणि त्यातली पंधरा कर्जाच्या हप्त्यांवर जायची.

जामिनाची अट होती पंचवीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. मी बराकीत सगळ्यांना हात मिळवत फिरलो. एक जुना बंदी हसला आणि म्हणाला, "जामीन झाला, आता जामीनदार पाह्य."

त्याचं म्हणणं दोन दिवसांत कळलं. आमची तीन एकर जमीन अजून वडिलांच्या नावावर. ते जाऊन सहा वर्षं झाली, वारसनोंद राहून गेली. वर इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. अशा सातबाऱ्यावर ऐपतीचा दाखला, म्हणजे जामिनाची रक्कम पेलण्याइतकी मालमत्ता असल्याचा कागद, कोण देणार? मोठा भाऊ चार दिवस तहसीलच्या पायऱ्या झिजवून रिकामा आला. मग मामा उभे राहिले. त्यांची जमीन सेंधव्याला, बागायती, निर्वेध. ते स्वतः गाडी करून कागद घेऊन आले, तर टेबलावरच्या माणसानं सांगितलं, जमीन मध्य प्रदेशातली आहे, चालणार नाही. नंतर वकिलाकडून कळलं, की १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच चुकीचं ठरवलं होतं. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून खालच्या कोर्टानं तो जामीनदार नाकारला होता. पण सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा निकाल खिडकीवर कोण दाखवणार? मामा गाडीभाडं भरून परत गेले.

हे सांगणारा वकील फुकटचा. फुकटचा म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाचा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. मला हे सातव्या महिन्यात समजलं. तोवर खाजगी वकिलाला चाळीस हजार देऊन झाले होते. ज्यांचं कुणी आत आहे त्यांनी पहिल्याच आठवड्यात कारागृहाच्या ऑफिसात अर्ज टाकावा, एवढं ऐका.

या वकिलांनीच सांगितलं, की ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांप्रमाणे जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकानं प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिना उलटला तर अट सैल करता येईल का हे कोर्टानं बघायचं असतं. त्यांनी महिन्याची वाट पाहिली नाही. तात्पुरता रोख जामीन द्या, जामीनदारासाठी चार आठवडे द्या, असा अर्ज केला. १७ एप्रिलला पंधरा हजारांवर तो मंजूर झाला. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, त्या वेळी कच्च्या कैद्याला चाळीस हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. तो अर्जही केला, पण जिल्हा समिती कधी बसणार हे कुणी सांगेना. बायकोनं तीन शेळ्या विकल्या. पैसे भरायला गेली तोवर खिडकी बंद झालेली. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. सोमवारी संध्याकाळी गिनतीच्या आधी सुटकेचा कागद पोचला आणि मी बाहेर.

घरी आलो तर बायकोनं वही पुढे ठेवली. मंगळसूत्र सराफाकडे. बचत गटाचे तीस हजार, वसुलीवाला दर मंगळवारी ओट्यावर येऊन बसायचा. आमची पिकअप गाडी डिसेंबरमध्येच फायनान्सवाले ओढून घेऊन गेले होते. शहरात वॉचमनची नोकरी बघितली तर चारित्र्य पडताळणीत केस निघाली. राज्य सहकारी बँकेची पन्नास हजारांची कर्जयोजना कानावर होती, पण ती शिक्षा भोगणाऱ्यांसाठी. कच्च्याला तिथेही काही नाही.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल ठरतं. नऊ दिवसांपूर्वी सुटलेला मी एक लाख दहा हजारांवर सालदार म्हणून बांधलो गेलो. चाळीस हजार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली, त्यातून बचत गटाचं देणं मिटलं आणि सराफाचं व्याज तेवढं भागलं. जामीनदार मिळाला तो चुलता. "मना सातबारा ली जा, भो," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मूळ कागदावर कोर्टाचा शिक्का बसला. आता गावात भेटला की आधी तारीख विचारतो, मग तब्येत.

तारीख महिन्याला एक. तो दिवस मालकाच्या वहीत खाडा म्हणून लिहिला जातो, साल संपलं की तेवढे दिवस फेडायचे. काल पुढची तारीख सांगितली. ऐन कापूस वेचणीत येतेय. मालक काही बोलले नाहीत, वही काढून त्यांनी आठवा खाडा मांडला.