छोट्या माशातली ऊर्जा मोजताना : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला तो म्हणजे सार्डिनसारख्या छोट्या माशांमध्ये ते खाणाऱ्या प्राण्यासाठी नक्की किती ऊर्जा असते. कुणी असं काम सुरू करत असेल तर उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कारण प्रोटोकॉलमध्ये स्टेप्स असतात पण कुठे फसतं ते नसतं.

आधी हा विषय का घेतला ते सांगते. समुद्रात खाणं किती आहे हे बघताना आपण टनात बोलतो, एवढे टन हेरिंग, एवढे टन सार्डिन. पण गिलेमॉट नावाचा समुद्रपक्षी पिल्लाला भरवायला एका फेरीत एकच मासा चोचीत धरून आणतो, लांब उडत जायचं, बुडी मारायची, एक मासा घेऊन परत यायचं. तो मासा चरबीने भरलेला असला तर ठीक आणि पोकळ असला तर फेरी जवळजवळ वाया. 2004 साली उत्तर समुद्रात हेच झालं, स्कॉटलंडच्या आइल ऑफ मे बेटावर गिलेमॉटची वीण फार वाईट गेली, पालक पक्षी स्प्रॅट आणि सँडईल आणत होते, पण त्या माशांतली ऊर्जा मोजली तर ती अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाली. हे वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नाही, खरंच. चोचीत मासा दिसतोय आणि पिल्लू उपाशी आहे.

हिशोब तसा सोपा आहे. एक ग्रॅम चरबी जाळली की साधारण 39.5 किलोजूल मिळतात, एक ग्रॅम प्रोटीनला 23.6, आणि माशात कार्बोहायड्रेट जवळपास नसतातच. म्हणजे 4 टक्के चरबी आणि 17 टक्के प्रोटीन असलेला मासा ग्रॅममागे साडेपाच किलोजूलच्या आसपास, आणि प्रोटीन तेवढंच ठेवून चरबी 15 टक्के केली की जवळजवळ दहा. जात तीच, लांबी तीच. हेरिंग, सार्डिन यांची चरबी हंगामाप्रमाणे एवढी वरखाली होतेच, अंडी घातल्यानंतर तर मासा अगदी चिपाड होतो.

आता काम. मासे आले की लांबी मोजायची, टिपून कोरडे करून वजन घ्यायचं, वयासाठी कानातला ओटोलिथ, म्हणजे बारीकसा खडा, काढायचा. पोटातलं अन्न काढायचं की ठेवायचं यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, मी ठेवलं, कारण पक्षी काही पोट साफ करून मासा खात नाही, फक्त पोट भरलेलं होतं की रिकामं ते प्रत्येक नंबरसमोर लिहिलं. मग अख्खा मासा मिक्सरमध्ये वाटून 60 डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. घाई करून तापमान वाढवू नका, चरबी खराब होते. वाळलेला मासा खलबत्त्यात कुटताना कमी चरबीचा मासा छान पावडर होतो आणि चरबीवाला मासा पावडर होतच नाही, खलाला चिकटून तेलकट गोळा बनतो, पेलेट प्रेसमध्ये, म्हणजे गोळी बनवायच्या यंत्रात, दाबला की कडेने तेल बाहेर येतं आणि ते तेल म्हणजेच तर मोजायची ऊर्जा. म्हणून जास्त चरबीच्या सॅम्पलला मी दाब कमी ठेवायला लागले आणि कडेला आलेलं तेल त्याच पेलेटने पुसून घ्यायचे.

पुढे बॉम्ब कॅलरीमीटर. स्टीलच्या जाड भांड्यात पेलेट, वर फ्यूज वायर, साधारण 30 अ‍ॅटमॉस्फियर ऑक्सिजन भरायचा, भांडं पाण्यात बुडवायचं, ठिणगी द्यायची आणि पाणी किती तापलं ते बघायचं. रोज आधी बेंझोइक अ‍ॅसिड जाळून मशीन तपासायचं, त्याची ऊर्जा ठरलेली आहे, ग्रॅमला 26.4 किलोजूल. भांडं उघडल्यावर आत काजळी दिसली तर सॅम्पल पूर्ण जळलेलं नाही, तो आकडा सरळ सोडून द्यायचा, कितीही बरा दिसत असला तरी.

तीन महिने असं चाललं आणि मग मोठी चूक सापडली. माझे पहिल्या बॅचचे मासे दुसऱ्या बॅचपेक्षा जास्त ऊर्जेचे दिसत होते आणि मी मनातून खूश होते, अंडी घालण्याआधीचे असणार म्हणून. मॅडमनी शीट बघितली आणि एवढंच विचारलं, "अगं, पाणी आणि चरबीची बेरीज केलीस का?" माशात पाणी आणि चरबी एकमेकांची जागा घेतात, चरबी वाढली की पाणी कमी, आणि दोन्हींची बेरीज 80 टक्क्यांच्या आसपास राहते. दुसऱ्या बॅचची बेरीज 79, 80, 81 अशी येत होती. पहिल्या बॅचमध्ये एका माशाचं पाणी 68, चरबी 7, बेरीज 75, पुढच्याची 76. पोटात गोळाच आला.

झालं असं होतं की ते मासे डीप फ्रीझरमध्ये साध्या पिशवीत कित्येक महिने पडून होते, बर्फाचा थर न देता, आणि त्यांचं पाणी हळूहळू उडून गेलं होतं. मासा आटला म्हणजे त्याच ऊर्जेला भागायला वजन कमी, म्हणून ग्रॅममागचा आकडा खोटाच फुगलेला. दोन दिवस मी काहीच केलं नाही. मग वही उघडली. काही माशांचं पकडल्या दिवशीचं वजन बोटीवर लिहिलेलं होतं, त्यांचा हिशोब त्या वजनावर परत केला आणि फरक बराचसा गेला. ज्यांचं ताजं वजन नव्हतं त्यांचा ओल्या वजनाचा आकडा दिलाच नाही, फक्त सुक्या वजनाचा दिला आणि अख्ख्या माशातली एकूण ऊर्जा दिली, कारण पाणी उडालं तरी ती बदलत नाही. आणि खरं सांगायचं तर पक्ष्याच्या दृष्टीने तोच आकडा कामाचा आहे, त्याच्या चोचीत ग्रॅम नसतो, मासा असतो.

एक गोष्ट मात्र मला आधी पटत नव्हती, की चरबी म्हणजे सगळं काही नाही. बंदिवासातल्या स्टेलर सी लायनना, म्हणजे समुद्रसिंहांना, नुसता पोलॉक हा कमी चरबीचा मासा दिला तर वजन घटलं, हेरिंगवर तसं झालं नाही, इथपर्यंत चरबीचं गणित जुळतं. पण बाल्टिक समुद्रातले सालमन चरबीवाले स्प्रॅट भरपूर खातात आणि त्यांना थायमिन, म्हणजे बी1 कमी पडतं, मग पिल्लं मरतात, त्याला एम74 म्हणतात. म्हणजे किलोजूल भरपूर आणि तरीही खाणं अपुरं. माझ्या मशीनला ते दिसणारच नव्हतं, म्हणून प्रत्येक माशाचा वाटलेला थोडा भाग मी न वाळवता बाजूला काढून ठेवलाय.

आता नवीन मासे आले की पहिलं वजन लगेच, बोटीवरच. मग थंड पाण्यात बुडवून बर्फाचा पातळ थर, हवा काढलेली पिशवी, आणि पिशवीवर दोन तारखा, पकडल्याची आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याची. परवा एकाच लांबीचे दोन सार्डिन शेजारी ठेवून कापले, एक थंडीआधीचा, एक अंडी घातल्यानंतरचा. पहिल्याच्या आतड्याभोवती पांढरी चरबी दाटून होती, सुरीला लागत होती. दुसऱ्यात तिथे नुसता पातळ पडदा. बाहेरून दोघंही तसेच चकचकीत.